ले-आउट काढणाऱ्याचा प्रश्न: आपल्या नव्या कॉलन्यांत सावली कुठे ठेवायची?

नकाशेवाला (जळगाव)

नमस्कार मंडळी.

मी जळगावात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ले-आउटचे नकाशे काढतो. १८ वर्षं झाली. शेत विकलं जातं, मोजणी होते आणि मोजणीची शीट माझ्या टेबलावर येते. मी तिच्यावर रस्ते टाकतो, प्लॉट पाडतो, नंबर देतो. निमखेडी, सावखेडा, शिरसोली रोड, मोहाडी रोड या बाजूंना तुमच्यापैकी कोणी प्लॉट घेतला असेल, तर त्याच्या कागदावरची एखादी रेघ माझ्या हातची असू शकते.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी दहा वर्षांपूर्वी काढलेल्या एका कॉलनीत कामाला गेलो. गाडी लावायला सावली शोधली, मिळाली नाही. एक बाई लेकीच्या डोक्यावर आपला पदर धरून मुख्य रस्त्याकडे चालल्या होत्या. तिथून मुख्य रस्ता दीड किलोमीटर आहे आणि रिक्षा आत येत नाही. त्या जागी शेत होतं तेव्हा बांधाला ओळीने कडुनिंब उभे होते. मोजणीच्या शीटवर त्यांच्या खुणा मी पाहिल्या होत्या. नकाशात त्यांच्या जागी प्लॉट आले. ती रेघ मीच मारली होती.

कार्बन म्हटलं की आपल्याला भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आठवतात. पण चिमणीतून जे निघतं त्याची मागणी माझ्यासारख्याच्या टेबलावर ठरते, असं मला आता वाटतं. शहरापासून ९ किलोमीटरवर प्लॉट पाडला की तिथल्या माणसाची रोजची ये-जा १८ किलोमीटर झाली. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५,४०० किलोमीटर. गाडी ४५ चा अॅव्हरेज देत असेल तर १२० लिटर पेट्रोल, आणि एका लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका माणसाचे वर्षाला पावणेतीनशे किलो. घरात दोन गाड्या असतील तर दुप्पट. तो माणूस पुढे कितीही सुधारला, सोलर लावलं, झाडं लावली, तरी ते ९ किलोमीटर त्याच्या हातात नाहीत. ते अंतर मी नकाशात आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आता प्रश्न. पाच एकरांचं एक काम हातात आलंय. जमीनमालक वयस्कर शेतकरी आहेत, स्वतःच ले-आउट पाडताहेत आणि ऐकून घेणारे आहेत. नियमाने १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. आजवर ती मी नेहमी कोपऱ्यात टाकली, कारण कोपऱ्यातले वेडेवाकडे तुकडे विकले जात नाहीत. या वेळी तसं करायचं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर या पाच एकरांत काय केलं असतं? आणि पाच एकरांच्या बाहेर, अख्ख्या शहराच्या विकास आराखड्यात काय मागितलं असतं?


पांझरातीर (धुळे)

भाऊ, रेघ एकदा पडली की हलत नाही हे आम्हा धुळेकरांइतकं कोणाला माहीत नसेल. १८१८ त खान्देश इंग्रजांकडे गेला, १८१९ त कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ वसवली. व्यापारी आणि कारागीर यावेत म्हणून जागा दिल्या, रस्ते सरळ आखले. आज २०० वर्षांनीसुद्धा आमचे पत्ते गल्ली नंबर ४, गल्ली नंबर ६ असेच आहेत. घरं तीन-तीनदा पाडून बांधली गेली, गल्ली तिथेच आहे.

त्या जुन्या गल्ल्यांची एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. खाली दुकान, वर घर. माझे आजोबा सकाळी पायऱ्या उतरले की कामावर पोहोचलेले असत. दवाखाना, किराणा, शाळा, सराफ, सगळं चालत दहा मिनिटांत. आता आम्ही देवपूरच्या पुढे, वलवाडी-गोंदूरच्या बाजूला पसरलोय. घरं ऐसपैस झाली आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडीला किक मारावी लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. धुळं तापीपेक्षा बरंच उंचावर आहे आणि आपण तापीचं पाणी पंपाने वर आणतो. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची झीज, पाइपातलं घर्षण धरलं की ०.४ च्या पुढे जाते. गळतीत वाया गेलेल्या प्रत्येक हजार लिटरमागे तेवढा कोळसाही वाया गेला. उलट आपल्याच पांझरा नदीवरची फड पद्धत बघा. बंधारा, पाट, आणि उतारावरून पाणी आपलं आपण शेतात. शेकडो वर्षं चाललेली व्यवस्था, विजेचा एक युनिट नाही. शहराच्या नकाशात उताराचा विचार कोण करतं? तुमच्या पाच एकरांचा उतार कुठल्या बाजूला आहे, ते आधी सांगा.


नकाशेवाला

@पांझरातीर, उतार ईशान्येला आहे, साधारण दीड मीटरचा. शीटवर कंटूर, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या रेषा, होते, मी आजवर फक्त गटारीसाठी बघायचो. मोकळी जागा ईशान्येला घेतली तर पावसाचं पाणी आपोआप तिकडे जाईल. हे लिहून ठेवलं.


साईटवरचा (भडगाव, सध्या जळगाव)

मी बांधकामाची कामं घेतो, म्हणून साईटवरचं बोलतो.

काळ्या जमिनीवर घर बांधणं महाग पडतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो, खाली मुरूम भरावा लागतो, लोखंड-सिमेंट जास्त लागतं. त्याच मापाचं घर मुरमाड माळावर बांधलं तर पायातच मोठी बचत. सिमेंटच्या एका पोत्यामागे ३० ते ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, तुम्ही घर बांधायला सुरुवात करण्याआधीच. म्हणजे चांगली पिकाऊ जमीन घालवायची आणि वर जास्त सिमेंट ओतायचं, असं दुहेरी नुकसान आपण करतोय. विकास आराखड्यात काय मागायचं विचारलंत ना, तर हे मागा: शहर माळाच्या बाजूला वाढू द्या, काळी राखा.

दुसरं, राख. दीपनगर आपल्या शेजारी आहे. तिथली राख विटांत आणि सिमेंटमध्ये वापरता येते. वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामाला राखेचा माल वापरण्याबद्दल केंद्राचे नियमही आहेत. राखेची वीट भाजावी लागत नाही. लाल विटेची भट्टी पेटली की कोळसा, पऱ्हाट्या, जे मिळेल ते जळतं आणि वर शेताची पोयटा माती जाते ती वेगळीच. आमच्याकडे गिऱ्हाईक अजून म्हणतं "लाल वीटच पाहिजे". मी दोन घरं राखेच्या विटांची केली आहेत. एक काळजी घ्या, वीट चांगल्या कारखान्याची घ्या आणि प्लास्टरच्या आधी पाणी नीट मारा, नाहीतर केसासारख्या चिरा पडतात आणि नाव राखेचं खराब होतं. स्लॅबलाही राखमिश्रित पी.पी.सी. सिमेंट चालतं. फक्त ताकद सावकाश येते, म्हणून क्युरिंगचे, म्हणजे पाणी मारायचे, दिवस कमी करू नका.

आता खरी अडचण. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "पूर्वमुखी आहे का?" पूर्वमुखी प्लॉटला भाव जास्त. त्यामुळे सगळे रस्ते उत्तर-दक्षिण पडतात, म्हणजे प्लॉटची तोंडं पूर्व-पश्चिमेला. तुम्ही ते बदलू शकाल असं मला वाटत नाही.


सावली (पिंप्राळा)

मी रोज चालणारी आहे म्हणून लिहिते. गाडी येत नाही मला.

वर ज्या बाईंबद्दल लिहिलंय ती मी नाही, पण मी असू शकले असते. मी शिवणकाम करते. माप द्यायला-घ्यायला रोज तीन-चार कॉलन्या फिरते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी बाहेर पडता येत नाही, म्हणजे माझे कामाचे तास तेवढे कमी होतात. एका रस्त्यावर झाडं आहेत, त्या रस्त्याने मी लांबून वळसा घालून जाते. तुम्ही लोक कार्बनचा हिशेब करता तेव्हा चालणाऱ्या माणसाचा शून्य धरता, बरोबर ना? मग त्या शून्यासाठी नकाशात काही ठेवा. फूटपाथ असतो तिथे गाड्या लावलेल्या असतात नाहीतर विजेची डीपी बसवलेली असते. बसायला कट्टा नाही. पाण्याचा रांजण नाही. आमच्या गल्लीत एका आजींनी स्वतःच्या ओट्यावर माठ ठेवलाय, तिथे दुपारी पोस्टमन, भाजीवाला, मी, सगळे थांबतो.

आणि कॉलनीत पिठाची गिरणी, किराणा, अंगणवाडी यांच्यासाठी जागा ठेवा. बायकांचे अर्धे फेरे तिथेच वाचतात. रिक्षाला जाऊन-येऊन जे पैसे लागतात तेवढ्यात आमची एका वेळची भाजी येते. लोक म्हणतात शहर बस पाहिजे. पाहिजेच. पण बस आली तरी थांब्यापर्यंत मी उन्हातूनच जाणार आहे.


नकाशेवाला

@सावली ताई, तुमचा प्रतिसाद मी छापून टेबलासमोर लावलाय.

@साईटवरचा, पूर्वमुखीचं खरं आहे, त्यावर डोकं लावतोय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घर तापतं ते पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींनी, कारण सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंतीवर सरळ आदळतं. दक्षिणेचं ऊन दोन फुटांच्या छज्जाने अडतं, पश्चिमेचं अडत नाही. रस्ते पूर्व-पश्चिम घेतले तर घरांची तोंडं उत्तर-दक्षिण होतात आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती शेजारच्या घराच्या सावलीत जातात. एक पैसा जास्त न घालता घर थंड. उत्तरमुखी प्लॉटलाही लोक नाही म्हणत नाहीत. अडचण उरते ती दक्षिणमुखीची. त्या ओळीचे प्लॉट थोडे मोठे देऊन भाव सारखा ठेवता येईल का, हे मालकांना विचारणार आहे.

एक गोष्ट मला अलीकडेच लक्षात आली. जळगाव २१ अक्षांशावर आहे, म्हणून २५ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पडत नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी इमारतीची सावली रस्त्यावर मिळणारच नाही. सावली फक्त झाड देऊ शकतं. पुण्या-मुंबईचे नियम बघून नकाशे काढणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात घेतलं नव्हतं.


आमना_खान्देश (शिरपूर)

बठ्ठा बरोबर सांगी ऱ्हायनात. पन भाऊ, झाड लावनं सोपं शे, जगाडनं कठीन शे. पहिले दोन उन्हायात पानी कोन टाकी, ते नक्शामा लिखी ठेवा.


केळीबाग (रावेर)

मी केळीवाला, पण हा विषय माझाच आहे. शेत संपतं तेव्हा शहर वाढतं.

काळी राखा म्हणणं सोपं आहे. ज्याच्या नावावर ती आहे त्याला विचारा. शेजारच्या गटाला एन.ए. (बिगरशेती परवानगी) होऊन एकरी जो भाव मिळतो तो बघितल्यावर केळीत करपा आणि वादळ सोसत बसायचं कोणी? माझ्या मामेभावाच्या शेतावर जुन्या आराखड्यात रस्त्याचं आरक्षण पडलं. रस्ता झाला नाही, जमीनही विकता आली नाही, आणि शेजाऱ्याने मात्र विकून दोन मजली बंगला बांधला. एकाने सगळं द्यायचं आणि दुसऱ्याने सगळं घ्यायचं, असा नकाशा असेल तर गावकरी त्याला विरोधच करतील.

याला एक मार्ग आहे आणि तो तापीच्या खालच्या अंगाला, सुरतेत, वर्षानुवर्षं चालू आहे. नगररचना योजना. शंभर-दोनशे एकरांतल्या सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला नीट आकाराच्या, रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटच्या रूपात परत द्यायची. प्रत्येकाची थोडी जमीन जाते, पण कोणाची पूर्ण जात नाही, आणि उरलेल्या जमिनीची किंमत वाढते. आपल्या राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही ही सोय आहे. खान्देशात आम्ही पाच-पाच एकरांचे तुकडे पाडत बसलोय, आणि एका ले-आउटचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीला जाऊन थांबतो.


साईटवरचा

@केळीबाग अण्णा, एका ले-आउटचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीला थांबतो हे शंभर टक्के. माझा सिमेंटचा ट्रक रोज त्यापायी तीन किलोमीटर फिरून येतो.


अपडाऊन (भुसावळ)

मी २२ वर्षं भुसावळ-जळगाव अप-डाऊन करतोय. २४-२५ किलोमीटर, गाडीत अर्ध्या तासाच्या आत. पास काढला की महिन्याचा खर्च मोटारसायकलच्या चार दिवसांच्या पेट्रोलएवढा.

माझं म्हणणं एवढंच की खान्देशाला देवाने रेल्वे दिली आहे आणि आपण शहर महामार्गाला लटकवतोय. मुंबईची लाइन, नागपूरची लाइन, सुरतेची लाइन, तिन्ही आपल्याकडून जातात. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, अमळनेर, धरणगाव, नंदुरबार ही सगळी स्टेशनची गावं आहेत. मनमाड-इंदूर लाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ती धुळ्यावरून जाणार. म्हणजे धुळ्याला आत्ताच ठरवता येईल की नवीन वस्ती स्टेशनपासून चालण्याच्या अंतरात दाट करायची की बायपासच्या पलीकडे पातळ पसरवायची. स्टेशनभोवती एक किलोमीटरात तीन-चार मजली घरं, खाली दुकानं, सायकल ठेवायला शेड. एवढं झालं तरी हजारो गाड्या घरी राहतील. पाचोरा-जामनेरची आमची छोटी पीजे २०२० पासून थांबली, तेव्हा त्या पट्ट्यातली मुलं कॉलेजला कशी जायची ते मी पाहिलंय. रूळ गेला की मोटारसायकल येते.

आणखी एक, पाण्याबद्दल. दीपनगरला पाणी हतनूर धरणातून येतं, तेच हतनूर भुसावळच्या तोंडचं पाणी. केंद्राच्या २०१६ च्या वीज दर धोरणात स्पष्ट लिहिलंय की शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते प्रक्रिया केलेलं पाणी वापरावं. नागपूर आपलं असं पाणी कोराडीला देतं. जळगाव दीपनगरपासून या अंतरात बसतं, भुसावळ तर शेजारीच. हतनूरचं तेवढं पाणी पिण्याला आणि केळीला मोकळं होईल. आराखड्यात मागण्यासारखी गोष्ट आहे.


चोपडेकर काका

वय ७४. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात जन्मलो. दोन हात जाड मातीच्या भिंती, वर सागाची कडीपाटाई, त्यावर मातीचा थर, वरून खारी माती चोपलेली. मे महिन्यात दुपारी आम्ही मुलं आत निजायचो आणि आई चादर द्यायची. रात्री सगळे धाब्यावर झोपायला. मुलाने २००१ साली ते पाडून स्लॅब टाकला. आता स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडतो, धाब्यावर झोपणं बंद झालं आणि घरात तीन एसी आले.

पुन्हा धाबं बांधा असं मी सांगत नाही. दर पावसाळ्याआधी माती चढवायला माणसं मिळत नाहीत हे मला कळतं. पण गेली चार वर्षं मी मार्च महिन्यात गच्चीला चुन्याचा हात मारतो. कळीचा चुना भिजवायचा, थोडा फेव्हिकॉल टाकायचा म्हणजे पायाला लागत नाही, आणि झाडूने दोन हात. खर्च हजार-दीड हजार. खालची खोली हाताला कळेल इतकी थंड राहते, पंखा गरम हवा फेकत नाही. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचं धोरणच काढलं. आपल्याकडे तेलंगणापेक्षा ऊन कमी नाही.

आणि एक आठवण. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. माझे वडील तिथे स्वयंसेवक होते. नंदलाल बोस यांनी तिथलं सगळं नगर बांबू आणि आसपास मिळणाऱ्या सामानातून उभं केलं होतं. वडील सांगायचे, हजारो माणसं राहिली आणि कार्यक्रम संपल्यावर मागे कचऱ्याचा ढीग उरला नाही, बांबू शेतकऱ्यांनी घरी नेले. हे आपल्या यावल तालुक्यात झालेलं आहे.


सावली

काका, चुन्याचं प्रमाण सांगाल का? आमचे पत्रे आहेत, स्लॅब नाही. पत्र्यावर चालेल?


चोपडेकर काका

@सावली, बेटा, पत्र्यावर चुना वाऱ्या-पावसाने लवकर सुटतो आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला चांगलाही नाही. पत्र्यासाठी पांढरा रंग मिळतो, तो लाव. आणि पत्र्याखाली बांबूची चटई किंवा जुन्या साड्यांची गोधडी ताणून बांध, मधे वीतभर हवा राहू दे. पत्र्याला रंग आणि खाली चटई, दोन्ही कर.


पांझरातीर

काकांच्या तीन एसींवरून एक हिशेब मांडतो, कारण आमच्या घरात यावर वाद झाला. मुलगा म्हणाला कूलर पाणी खातो आणि आपल्याकडे पाणी नाही, म्हणून एसी बरा.

दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वा युनिट घेतो. रात्रीचे आठ तास धरले तर १० युनिट. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे रात्रीला ७ किलो. कूलर आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट, म्हणजे सव्वा किलोच्या आत. आता पाणी. कूलर रात्रभरात ५०-६० लिटर घेतो हे खरं. पण औष्णिक केंद्रालाही पाणी लागतं. जुन्या केंद्रांना २०१५ मध्ये युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली गेली. त्या हिशेबाने एसीचे १० युनिट ३५ लिटरपर्यंत पाणी पिऊनच आपल्या घरात येतात. ते पाणी आपल्या टाकीतून जात नाही, हतनूरसारख्या धरणातून जातं, एवढाच फरक.

एप्रिल-मेची आपली हवा कोरडी असते म्हणून कूलर इथे चांगला चालतो. जुलैत दमट हवेत तो निकामी होतो, हेही मान्य. मग आमच्याकडे ठरलं ते असं: छपराला चुना, खिडकीला वाळा, मेपर्यंत कूलर, आणि गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर. सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचं अनुदान आहे, साधारण ३०० चौरस फूट गच्ची लागते, दिवसाला सरासरी १२ युनिट मिळतात. पॅनलखालची गच्चीही तापत नाही, हा फायदा विक्रेत्याने सांगितला नव्हता.


नंदनगरी (नंदुरबार)

सगळी चर्चा जळगाव-धुळ्याची चाललीय म्हणून लिहितो. केंद्राची ई-बस योजना २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांकडे बघते. जळगाव तेव्हा ४.६ लाखांच्या आसपास, धुळं पावणेचार लाख, दोन्ही बसतात. नंदुरबार सव्वा लाखाच्याही आत. शहादा, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर यांचंही तेच. पण वाढ तर आमच्याकडेही होतेय. धडगाव-अक्कलकुव्याकडून माणसं कामाला खाली उतरतात आणि गावाच्या कडेला जागा मिळेल तिथे राहतात. त्यांच्या घराचा नकाशा कोणी काढत नाही. ती माणसं सगळ्यात कमी कार्बन सोडतात आणि पत्र्याखाली सगळ्यात जास्त तापतात.

लहान गावांची एक जमेची बाजू आहे. अजून आमचं शहर टोकापासून टोकापर्यंत सायकलने वीस मिनिटांचं आहे. बसची गरज पडण्याआधीच हे अंतर राखलं तर? जळगाव वीस वर्षांपूर्वी असंच होतं, बरोबर ना @नकाशेवाला? तेव्हा काय चुकलं ते आम्हाला सांगा, म्हणजे आम्ही ते करणार नाही.


नकाशेवाला

@नंदनगरी, चांगला प्रश्न विचारलात. जे माझ्या डोळ्यांसमोर झालं तेवढंच सांगतो. गावातल्या रिकाम्या जागा, बंद पडलेल्या जिनिंगच्या जागा, जुने वाडे तसेच पडून राहिले, कारण तिथे वारसांचे वाद, भाडेकरूंचे वाद. बाहेर शेत एका सहीने मिळत होतं. म्हणून सगळे बाहेर गेलो. रस्ता, पाणी, गटार मागून आलं आणि येताना दर वेळी रस्ता नव्याने खोदला गेला. महामार्ग शहराच्या मधे आला आणि त्याच्या दोन्ही अंगांना जोडणारे सुरक्षित रस्ते नसल्याने लोकांनी पायी आणि सायकलने जाणं सोडलं. शेजारच्या कॉलनीत जायलाही महामार्ग ओलांडावा लागतो म्हटल्यावर आई मुलाला सायकल कशी देईल? तुमच्याकडे बायपास होताना आधी आतले जोडरस्ते नकाशावर पक्के करून घ्या. आराखडा हरकतींसाठी जाहीर होतो तेव्हा मुदतीत लेखी हरकत द्या. मी १८ वर्षांत पाहिलंय, जागा गेलेल्यांच्या हरकती येतात, सावली गेलेल्यांची एकही येत नाही.

आता पाच एकरांचं. रविवारी मालकांच्या घरी गेलो होतो, नवा नकाशा घेऊन. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन दोन तास बसलो. काय ठरलं ते लिहितो.

मधला १२ मीटरचा रस्ता पूर्व-पश्चिम झाला. त्याच्या दोन्ही टोकांना शेजारच्या गटांकडे जायला वाट उघडी ठेवली, आज तिकडे शेत असलं तरी. बांधावरचे ११ कडुनिंब आणि एक चिंच मोजून, खोडाचा घेर लिहून नकाशात घेतले. रस्ता दीड मीटर सरकवल्यावर त्यांतले ९ रस्त्याच्या कडेला आले, तिथेच फूटपाथ. दोन प्लॉट कमी झाले. मालक थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, चिंच माझ्या बापाची आहे. कोपऱ्यावर चार छोटे दुकानाचे प्लॉट ठेवले, एक गिरणीसाठी. दक्षिणमुखी ओळ दोन-दोन फुटांनी खोल केली, भाव तोच. मोकळी जागा ईशान्येला, उताराच्या तळाशी. १०० चौरस मीटरच्या एका छपरावर ७०० मिलिमीटर पावसात ७० हजार लिटर पाणी पडतं. ते पाझरून जमिनीत जावं म्हणून तिथे चर आणि शोषखड्डे. @आमना_खान्देश यांनी विचारलेल्या पहिल्या दोन उन्हाळ्यांचं पाणी खरेदीखताच्या अटींत टाकतोय: ज्याच्या प्लॉटसमोर रोप, त्याने ते जगवायचं, आणि प्लॉट रिकामा असेपर्यंत मालकांचा गडी पाणी घालेल.

जे जमलं नाही तेही सांगतो. शहरापासूनचं अंतर ७ किलोमीटर आहे, ते तसंच राहिलं. जमीन काळीच आहे. पाच एकरांच्या नकाशात मला ते बदलता येत नाही, त्यासाठी @केळीबाग अण्णा म्हणतात तशी मोठी योजनाच लागेल.


केळीबाग

नकाशा बघितला नाही, पण ऐकून बरं वाटलं. शेतात विहीर होती का? तिचं काय केलं? बहुतेक ले-आउटात पहिल्या दिवशी विहीर बुजवतात आणि मग प्रत्येक प्लॉटवर बोअर मारतात.


नकाशेवाला

होती. ४० फुटी, दगडी बांधकामाची, फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं. शीटवर ती प्लॉट नंबर २३ मध्ये येत होती. प्लॉट २३ रद्द केला. चर तिच्याकडे वळवलेत, वर जाळी आणि बाजूला कट्टा.


सावली

कट्ट्यावर माठ ठेवायला एक खाच ठेवा. सिमेंट ओलं असतानाच.